पोश्याची तिसरी हाक

माझ्या बापाचं नाव पोश्या. जव्हारच्या बाजारात अजून काही शहाणे त्याला 'तो दवंडीवाला' म्हणतात. दवंडीवाला नव्हता तो. दवंडी काय, कुणीही देतं. ढोल बडवला, घसा खरवडला, झाली दवंडी. माझा बाप लिलावाची हाक द्यायचा, संस्थानच्या कचेरीपुढं, भर बाजारात. त्याच्या हाकेवाचून जप्तीची सुईसुद्धा या हातातून त्या हातात जात नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कुणी मध्ये बोलणार नाही.

आमचा पाडा वावर गावाच्या खालच्या अंगाला. मध्ये दरी, पलीकडच्या माळावर दुसरा पाडा. निरोप द्यायचा तर उतरून चढायला अर्धा दिवस जाणार, म्हणून आमची माणसं इकडून हाक देतात आणि तिकडून ऐकतात. त्यात बाबाचा आवाज असा की पलीकडची माणसं म्हणायची, अरे पोश्या, हळू बोल, लेकरं झोपलीत. एकदा कचेरीची माणसं गावं बघायला आली होती, त्यांचा तंबू त्या माळावर. सकाळी बाबानं या अंगाहून हाक दिली, म्हस व्याली, पारडी झाली. तंबूतला कारकून चहा सांडून उभा राहिला. दुसऱ्या बाजाराला बाबाला जव्हारला बोलावणं आलं आणि त्याच्या गळ्यात ढोल पडला.

काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जप्तीत काय काय यायचं: तांब्याचे हंडे, चोरीचं सागवान, कोंडवाड्यातली गुरं, कुणाची गाडी, कुणाची बंदूक. बाजाराच्या दिवशी ते कचेरीच्या ओट्याखाली मांडायचं. कारकून दामोदरपंत कागद वाचायचा, आणि बाबा ते कागदातलं माणसांच्या भाषेत ओरडून सांगायचा. मग बोल्या लागायच्या. वरची बोली थांबली की बाबा म्हणायचा, एक वार. मग दोन वार. मग तीन वार, आणि ढोलावर एक टिपरू. तिसरी हाक पडली की वस्तू गेली. त्याच्याआधी ती मालकाचीच.

हा नियम आमच्या डोंगरातल्यांनी काढला म्हणून हसू नका. शेटलोकही तो पाळायचे. बाबाच्या आधीच्या काळात एकदा दोन हाका झाल्या आणि असा वळीव कोसळला की सगळे पळाले. ज्याची बोली होती त्यानं म्हस तशीच घरी नेली. दुसऱ्या दिवशी मूळ मालक गेला, दावं सोडलं, म्हस घेऊन आला. तक्रार झाली. कचेरीनंच सांगितलं, तिसरी हाक झाली नव्हती, म्हस त्याचीच. तेव्हापासून जव्हारात सगळ्यांना माहीत, कागद कारकुनाच्या समाधानाला असतो, माल जातो तो हाकेनं.

लोक मला विचारतात, तुझा बाप आपल्याच माणसांच्या वस्तू विकायचा, त्याला लाज नव्हती का. होती. बाजाराहून आला की जेवायचा नाही, भिंतीकडं तोंड करून बसायचा. पण तो दोनच्या आणि तीनच्या मध्ये थांबायचा. बराच थांबायचा. सुपारी चघळायचा, आभाळाकडं बघायचा, ढोलाची दोरी घट्ट करायचा, आणि तेवढ्यात ज्याची वस्तू असेल त्याचा कुणी भाऊबंद धावत यायचा, पैसे भरून वस्तू सोडवायचा. दामोदरपंत चिडायचा. बाबा म्हणायचा, मी सोडलं हे काम तर दुसरा देईल हाक, आणि तो मध्ये थांबायचा नाही.

माझी आय माघी. तिचं तोंड बाबाहून तिखट होतं, आवाज तेवढा नव्हता.

ते जर्मनच्या लढाईचं साल होतं. मुंबईला लाकूड पाहिजे म्हणून जंगलाचे पट्टे तोडायला देत होते. अशा पट्ट्याला कूप म्हणतात. आमच्या अंगाचा कूप कांतीलाल शेटनं घेतला. कूप मिळाला, पण तोडायला माणसं मिळेनात. का मिळतील? फागुन चालू होता. फागुनात आमची माणसं राबाच्या कामात असतात. ऐनाच्या फांद्या छाटायच्या, वाळवायच्या, शेताच्या एका तुकड्यावर शेण-पाचोळ्याबरोबर पसरायच्या आणि पावसाच्या आधी जाळायच्या. त्या राखेत नागलीचं रोप होतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर नागली नाही, आणि नागली नाही तर आम्ही काय माती खायची? शेटनं दोनदा माणूस पाठवला, कुपावर चला. दोन्ही वेळा माणूस पाणी पिऊन परत गेला.

मग एके दिवशी जंगलाचा शिपाई आला. बायका ऐनावर चढलेल्या, कमरेला कोयते. म्हणाला, हे राखीव जंगल, उतरा. ते ऐन आमच्या आज्यापणज्यापासून छाटतात, फांदी काढली तरी झाड मरत नाही, उलट फुटतं. राखीवची खूण त्याच्या पलीकडं, वेगळ्या टेकाडावर. तो ऐकतोय कशाला. सकाळचा चहा त्यानं शेटच्या दुकानात घेतला होता, हे सगळ्या पाड्याला ठाऊक. पाड्यातले झाडून सगळे कोयते त्यानं गोळा केले, बायकांच्याच दोरानं मोळी बांधली आणि त्यांच्याच एका पोराच्या डोक्यावर देऊन जव्हारला नेली. त्या मोळीत माझ्या आयचा कोयता होता. मी तेव्हा आयच्या पोटात होते. म्हणजे मीही तिथं होते, कुणी नाही म्हणू नये.

आता शेटचा डाव बघा. कोयते लिलावात निघणार. शेट घेणार, दुसरं कोण घेतं. मग पाड्यात येऊन म्हणणार, घ्या आपापला कोयता, पण आधी माझा कूप तोडून द्या. मोखाड्याला लोहार होता, पण मोखाडा तेव्हा इंग्रजाच्या मुलुखात, आणि त्या वाटेवरच्या नाक्यावर सांगून ठेवलं होतं, कोयता आत येऊ द्यायचा नाही. सगळीकडून कोंडलं होतं आम्हाला.

लिलावाच्या दिवशी बाबा पहाटेच निघाला. आयनं विचारलं, आज काय करशील. तो म्हणाला, बघू. त्याला खरंच ठाऊक नव्हतं, हे त्यानं मला पुढं सांगितलं.

कोयत्यांची मोळी ओट्याखाली ठेवली होती. दामोदरपंतानं कागद वाचला. बाबानं हाक दिली, वावरखालच्या पाड्याचे कोयते, लिलावात आहेत, बोला. पाड्याची माणसं एका बाजूला उभी होती, हात रिकामे. कांतीलाल शेटनं बोली लावली. एवढीशी, मूठभर सुपारीच्या भावानं. दुसरी बोली नाही. एक वार. बाजार थांबला. दोन वार. बाबा थांबला.

नेहमीचं थांबणं आहे असं सगळ्यांना वाटलं. त्यानं सुपारी काढली नाही, दोरी घट्ट केली नाही. नुसता मोळीकडं बघत राहिला. ऊन वर आलं. दामोदरपंत म्हणाला, पोश्या, तीन. बाबानं टिपरू खाली मातीत ठेवलं.

"दोन झाल्या, साहेब. पुढं नाय जात."

"नाय जात म्हणजे काय?"

"तू सांगशील तरी तोंडात येत नाय."

आमच्या बोलीत तुम्ही नाही, आपण नाही. राजा असो की रखवालदार, सगळ्याला तू. दामोदरपंताला एरवी त्याचं काही वाटायचं नाही, पण त्या दिवशी लागलं. तो लाल झाला. म्हणाला, तुझा पगार कचेरी देते. बाबा म्हणाला, मग तू दे हाक, पगार तुलाही मिळतो.

आणि दिली की त्यानं. उभा राहिला, उपरणं सावरलं आणि म्हणाला, तीन वार. पहिल्या रांगेतल्या भाजीवालीलाही धड ऐकू गेलं नाही. ढोल वाजवायला गेला तर टिपरू मातीत, वाकायला नको वाटलं, बोटानंच टकटक केलं. बाजार एवढा हसला की गाढवं बिथरली.

पण खरी गंमत पुढं. शेटच म्हणाला, ही हाक मला चालत नाही. शेट मूर्ख नव्हता. त्याला कोयते नको होते, ते धरणारे हात हवे होते. दामोदरपंताची हाक पाड्यानं मानलीच नसती. त्यांनी दुकानात येऊन कोयते उचलून नेले असते, त्या म्हशीसारखे. तो म्हणाला, पोश्यानं हाक द्यायला पाहिजे, याच माणसांसमोर. मोठे साहेब आतून आले. सगळं ऐकून म्हणाले, बसवा याला कोठडीत, तिसरी हाक देईल तेव्हा सोडा. कोयते आणून ठेवा ओट्यावर.

कोठडी कचेरीच्या पोटातच होती. तिला एक खिडकी, बाजाराच्या बाजूला. ती खिडकी ठेवली कुणी, त्याचे मी पाय धुऊन पाणी पिईन.

रोज सकाळी शिपाई विचारायचा, देतोस का. बाबा म्हणायचा, नाय. एकदा शेट स्वतः आला, पुड्यात गूळ घेऊन. म्हणाला, पोश्या, तुझ्या बायकोचा कोयता मी तसाच देतो, कुपावर यायला नको, फक्त एक शब्द बोल. बाबानं गूळ खाल्ला. फुकटचा गूळ का सोडायचा. खाऊन हात चाटले आणि म्हणाला, शेट, गूळ गोड हाय. तीन नाय.

इकडं पाड्यात हाल. बायका हातानं फांद्या मोडायला गेल्या. ऐनाची फांदी हातानं मोडते होय? तळहात फाटले, फांद्या तशाच. चैत लागला, सरत आला. छाटलेल्या फांद्या वाळायलाही दिवस लागतात. माणसं कुजबुजायला लागली. आमचा शेजारी बुधा, बाबाचा लहानपणचा सोबती, कोठडीच्या खिडकीशी आला. म्हणाला, पोश्या, तुझा हट्ट पुरे झाला. बोल तीन. कुपावर जाऊ, पोटाला तरी मिळेल. राब तर गेलाच.

त्या दिवशी बाबा हलला. शेटनं हलला नाही, साहेबानं हलला नाही, बुधानं हलवला. कारण बुधा खोटं बोलत नव्हता. माझं नाव पुतळी. बाबा मला सांगायचा, पुतळे, त्या रोजाला तीन माझ्या दातापर्यंत आलं होतं. त्यानं बुधाला एवढंच म्हटलं, बाजाराच्या दिवसापर्यंत थांब.

बाजाराच्या दिवशी आय आली. डोक्यावर सूप, सुपात नागलीचा कोंडा. कोंबड्यांना घालायला बाजारात कोंडा घेतात, त्यावर मीठ मिळतं. खिडकीशी येऊन तिनं भाकर आत दिली. म्हणाली, आज छाटलं तर राब होईल. पुढच्या बाजाराला छाटून उपेग नाय. एवढं बोलून ती गेली नाही, तिथंच उभी राहिली. पोट पुढं, डोक्यावर सूप. बाबा तिच्याकडं बघत होता. तिच्या मागं भरलेला बाजार.

बाबानं खिडकीचे गज धरले आणि हाक दिली.

"ऐका हो, ऐका! कारकुनाची खुर्ची, एक पाय मोडका, लिलावात हाय. बोला!"

दरीपलीकडं जाणारा आवाज तो, त्या बाजारात काय मावतो. सगळी माथी वळली. क्षणभर कुणाला कळेना. मग मिरचीवाली म्हातारी ओरडली, दोन मिरच्या. एक तांबोळी म्हणाला, सुपारीचं खांड. बाबानं एक वार, दोन वार, तीन वार केलं आणि दारावर मूठ हाणली. खुर्ची तांबोळ्याला गेली. मग दौत निघाली. मग दामोदरपंताचं उपरणं निघालं, त्याला बोली येईना, ते परत केलं. लोक पोट धरून हसत होते. बोल्या चढत होत्या, कांदा, वांगं, तुटकी चप्पल. शिपाई कोठडीचं दार उघडायला गेला तर त्याला किल्ली लागेना, त्यालाच हसू आवरत नव्हतं.

तेवढ्यात मोठे साहेब आणि दामोदरपंत ओट्यावर आले. कांतीलाल शेटही दुकान सोडून आला. बाबानं त्यांना येऊ दिलं, उभं राहू दिलं. मग त्यानं श्वास घेतला. आय सांगायची, त्याचं तोंड आता हसरं नव्हतं.

"ऐका हो. ही कचेरी. भिंती, कौलं, ओटा, नि ओट्यावर हाय ते सगळं. लिलावात हाय."

हसणं थांबलं. एवढी मोठी वस्तू, कुणाची जीभ रेटेना. साहेबासमोर कोण बोलणार? दामोदरपंत काही म्हणायला गेला, त्याच्याआधी माझी आय बोलली.

"सूपभर कोंडा."

एक वार, बाबा म्हणाला. कुणाची दुसरी बोली? कांतीशेट, तुझी? शेट जमिनीकडं बघत होता. दोन वार. आणि मग तो थांबला. नेहमीसारखा. ज्याची वस्तू त्यानं सोडवायला यावं म्हणून थांबला. साहेबाकडं बघत थांबला. साहेबाला हे माहीत होतं, सगळ्या बाजाराला माहीत होतं, त्या थांबण्यात काय असतं ते. साहेब सोडवायला पुढं आला नाही.

"तीन वार!"

दारावरची मूठ पार पोस्टापर्यंत ऐकू गेली म्हणतात. आयनं सूप डोक्यावरून काढून हातात घेतलं आणि पायऱ्या चढायला लागली. मला पोटात घेऊन. दामोदरपंत आडवा आला. बाई, कुठं चाललीस?

"माझ्या घरात," आय म्हणाली.

ती टेबलाशी गेली आणि कोंड्याचं सूप दामोदरपंताच्या कागदांवर उपडं केलं. किंमत पोचली, म्हणाली. मग ओट्यावर आली, मोळीचा दोर सोडला आणि पाड्याच्या बायकांना हाक मारली. एकेक वर येत होती, आपापला कोयता मुठीवरून ओळखून उचलत होती. पहिली बिचकली, दुसरी कमी बिचकली. तिसरीनंतर त्या धक्काबुक्की करायला लागल्या. शेवटी बुधाची बायको आली. बुधा खाली मान घालून उभा होता. ती त्याला म्हणाली, चल, छाटायचंय.

शिपाई साहेबाच्या तोंडाकडं बघत होते, हुकुमाची वाट. साहेबानं दामोदरपंताला विचारलं, कोयत्यांची विक्री पुरी झाली होती का. नव्हती, दोन हाका झाल्या होत्या. शेटला विचारलं, तुमची बोली कायम आहे? सगळा बाजार शेटकडं बघत होता, आणि त्याला रोज त्याच बाजारात दुकान मांडायचं होतं. तो म्हणाला, मला नको. मग लिहा, साहेब म्हणाले, घेणारा मिळाला नाही म्हणून माल परत. कागदावर त्यांनी काय लिहिलं ते त्यांचं त्यांना. आमचे कोयते तोवर अर्धा घाट उतरून गेले होते.

त्या वर्षी राब उशिरा जळला, पण जळला. फांद्या पुऱ्या वाळल्या नव्हत्या, धूर फार झाला, बायका डोळे पुसत फिरायच्या. नागली झाली. भरभरून नाही, पण झाली. शेटनं कुपाला माणसं बाहेरून आणली.

बाबाला मात्र सोडलं नाही. कोयते गेले त्याचं नाही, खुर्ची विकल्याचं झोंबलं त्यांना. मृग निघेपर्यंत आत ठेवला, ढोल काढून घेतला, परत कचेरीच्या आवारात पाय टाकायचा नाही असं बजावलं. त्याचं त्याला काही वाटलं नाही. वाईट एकाच गोष्टीचं वाटलं, माझा जन्म झाला तेव्हा तो कोठडीत होता. आयनं दरीच्या काठावर जाऊन कुणाकडून तरी हाक देववली, तीन ठिकाणांहून पुढं सरकत ती जव्हारपर्यंत पोचली, पोश्या, पोर झाली. बाबानं खिडकीतून उत्तर दिलं. ते पोचलं की नाही यावर आमच्यात अजून भांडणं होतात.

पुढं लिलावाला दुसरा माणूस आला. आवाज बरा होता, पण तो दोनच्या आणि तीनच्या मध्ये थांबायचा नाही. बाबा म्हातारा होऊन मेला, शेतात काम करता करता, कुणाचं काही देणं न लागता. आय त्याच्या मागं बरीच वर्षं होती. मरेपर्यंत ती जव्हारला गेली की कचेरीच्या कौलांकडं बघायची आणि म्हणायची, शाकारणी नीट करत नाहीत हे लोक.

मग संस्थान गेलं, दुसरे साहेब आले, त्यांच्यानंतर आणखी दुसरे. दाखल्याला, उताऱ्याला मला तिथं जावं लागतं. ओट्यावर आमची माणसं उकिडवी बसलेली असतात, आत बोलावतील म्हणून. एकदा एका कारकुनानं मला हटकलं, म्हणाला, म्हातारे, बाहेर थांब, कुणाला विचारून आत आलीस? मी खुर्ची ओढली आणि बसले. म्हटलं, पोरा, ही वास्तू माझ्या आयनं भर बाजारात घेतलीय, तिन्ही हाका झाल्यात. तू कुणाला विचारून बसलायस ते सांग.